जुनी मोटार आणि रुंद चाकें

बीडहून परळीकडे जातांना वाटेंत तेलगांव लागतें. गळिताच्या हंगामांत तेथें उसाच्या गाड्यांची दाटी होते. मुंबईंत कुर्ल्यास बनलेल्या एखाद्या जुन्या प्रीमियर पद्मिनीला हौसेनें रुंद चाकें बसविलीं, आणि माणसें बसतांच टायर पत्र्यास घासूं लागला, तर अशा दाटींतच तो फुटण्याचें भय असतें.

दोष केवळ रुंदीचा नसतो, रिमाच्या बैठकीचाही असतो. मध्य न हलवितां टायर ३० मिलिमीटर रुंद घेतला, तर १५ आंत व १५ बाहेर वाढतात. आंत स्प्रिंगचे पाटे, बाहेर मडगार्डाची कडा! मध्य १० मिलिमीटर बाहेर सरकविला, तर आंत ५च वाढतात, परंतु बाहेर २५. शिवाय बेअरिंगवरील ताणही वाढतो.

रिकाम्या, उभ्या गाडीवरील माप फसवें असतें. म्हणून पैसे देण्यापूर्वीं चाकें बसवून, गाडींत माणसें भरून, पुढचीं चाकें दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावीं. शंकेच्या जागीं पत्र्यास कणकेचा गोळा चिकटवून गाडी सावकाश उंचवट्यावरून न्यावी. चेपलेल्या कणकेची जाडी हेंच खरें अंतर. बोटभर जागा न उरल्यास पत्रा कापण्यापेक्षां अरुंद चाक पत्करणें शहाणपणाचें. कापलेली कडा प्रथम गंजते, आणि हौस मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंतच टिकते.