सायकलची हवा का उतरते?

उतरण्याचा वेग

सायकलच्या ट्यूबमधील हवा सतत कमी होत असते. निरनिराळा असतो तो कमी होण्याचा वेग, आणि दोषाचे मूळ शोधताना सर्वांत उपयोगी खूण तीच. महिन्याभराने चाक मऊ लागू लागले, तर तो रबराचा स्वभाव. रात्री भरलेली हवा सकाळी उतरली, तर संशय वॉल्व्हवर किंवा एखाद्या बारीक छिद्रावर. काही मिनिटांत चाक पूर्ण बसले, तर ट्यूब मोठी फाटलेली. या क्रमाने विचार केला, तर पुष्कळदा टायर उघडण्याची वेळच येत नाही.

छिद्र नसताना

रबर डोळ्यांना सलग दिसते; पण त्याच्या लांबलचक रेणूसाखळ्या सतत हलत असतात आणि त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या निर्माण होत राहतात. हवेचे रेणू आतल्या पृष्ठभागात विरघळतात, या पोकळ्यांतून सरकत जातात आणि बाहेरच्या बाजूने निसटतात. नैसर्गिक रबरात हे झिरपणे बरेच जलद होते. १९३७ मध्ये अमेरिकेतील स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी ब्युटाइल हे कृत्रिम रबर तयार केले. त्याच्या साखळ्या दाट रचलेल्या असल्याने हवा त्यातून कितीतरी सावकाश जाते. म्हणून आजच्या सामान्य ट्यूब ब्युटाइलच्या असतात. शर्यतीच्या सायकलींत हलकेपणासाठी वापरली जाणारी लेटेक्सची ट्यूब मात्र रोज भरावी लागते. अरुंद टायरची हवाही लवकर उतरते. त्यात मुळात हवा थोडी, दाब जास्त आणि त्या मानाने रबराचे क्षेत्रफळ मोठे असते.

थंडी

दाब तापमानाबरोबर बदलतो. दुपारी २७ अंश सेल्सिअसला ५० पौंड भरलेली हवा पहाटे १२ अंशांवर सुमारे ४७ पौंड दाखवते. नागपूरकडच्या हिवाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानात एवढा फरक सहज पडतो. यात एक कणही हवा बाहेर गेलेली नसते. ऊन चढले की दाब परत वाढतो.

वॉल्व्ह ट्यूब

आपल्याकडच्या साध्या सायकलीत वॉल्व्हची पितळी पिन पोकळ असते. तिचे खालचे टोक बंद आणि बाजूला एक बारीक छिद्र. या छिद्रावर रबराची इवलीशी नळी, म्हणजे वॉल्व्ह ट्यूब, चढवलेली असते. पंपाची हवा छिद्रातून येते, रबराला फुगवून कडेने आत शिरते; पंप थांबताच आतला दाबच त्या रबराला छिद्रावर घट्ट दाबून धरतो. इतक्या थोड्या साहित्यात एकेरी झडप साधणारी ही रचना खरोखर कौतुकास्पद आहे. तिचा कमकुवत भाग म्हणजे ते रबर. उन्हाने आणि काळाने ते कडक होते, चिरते किंवा पिनेला चिकटून बसते. तपासणी सोपी: वॉल्व्हच्या तोंडावर ओले बोट फिरवले आणि बुडबुडा फुगला, तर दोष तिथेच. नवी वॉल्व्ह ट्यूब थोडी ओली करून पिनेवर सरकवायची, पिन खाचेत नीट बसवून वरचा नट आवळायचा, एवढीच दुरुस्ती.

या रचनेत एक उणीव आहे. रबर हवेला उलट येऊ देत नसल्याने दाबमापक लावून आतला दाब कळत नाही. त्यामुळे अंगठ्याने टायर दाबून पाहण्याची रीत पडली. जाड टायरच्या बाबतीत ती बरीच फसवी ठरते.

छिद्राची जागा

ट्यूबवर छिद्र कुठे आहे, यावरून ते कशाने पडले हे कळते. बाहेरच्या, रस्त्याकडच्या बाजूला असेल तर बाभळीचा काटा, काच किंवा तारेचा तुकडा. आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर स्पोकचे टोक वर आले आहे किंवा त्यावरची पट्टी सरकली आहे. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, तर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब टायर आणि रिम यांच्यात चिमटली गेली. पहिल्या प्रकारात टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काटा शोधणे अत्यावश्यक असते. तो आत राहिला तर नवे पंक्चर ठरलेलेच.

पंक्चर काढणे

फुगवलेली ट्यूब घमेल्यातील पाण्यातून थोडी थोडी फिरवली की बुडबुड्यांची रेघ छिद्र दाखवते. तिथे खूण करून ट्यूब कोरडी करतात आणि पॅचपेक्षा मोठी जागा कानशीने घासतात. घासल्याने साच्यातून आलेला थर निघतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. मग सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि थांबायचे. ही उसंतच सर्वांत महत्त्वाची. सोल्युशनमधील द्रावक उडून जाऊन चकाकी गेली की पॅच दाबायचा; ओल्यावर लावलेला पॅच खाली अडकलेल्या द्रावकामुळे सुटतो. तयार पॅचच्या खालच्या थरातील आणि सोल्युशनमधील रसायनांमुळे पॅच व ट्यूब यांच्यात रासायनिक बंध जुळतात. म्हणून नीट लावलेला पॅच ट्यूब असेपर्यंत टिकतो. जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा बहुधा नुसत्या चिकटपणावर तग धरतो.

पॅच कुठे चालत नाही

लांब फाटलेल्या ट्यूबवर पॅच टिकत नाही. वॉल्व्हच्या बुंध्याशी पडलेल्या चिरेवर तर तो सपाट बसूच शकत नाही. ही चीर बहुतेक वेळा कमी हवेतून येते: सैल टायर ब्रेक लागताच रिमवर किंचित सरकतो, सोबत ट्यूबला ओढतो, आणि रिमच्या छिद्रात अडकलेला वॉल्व्ह तिरका होऊन मुळाशी फाटतो. वॉल्व्ह तिरका दिसू लागताच हवा सोडून टायर सरळ केला, तर ट्यूब वाचते; बुंधा फाटल्यावर नवी ट्यूबच घालावी लागते.