काडतुसाचे पितळ

काडतुसाच्या पितळात शेकडा ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते. बार उडताच हे कवच फुगून बंदुकीच्या पोकळीस घट्ट बसते व लगेच किंचित आकसते. म्हणूनच ते बाहेर काढून पुन्हा भरता येते.

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठविलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. १९२१ साली इंग्लंडमधील संशोधकांनी कारण उलगडले : घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडविताना धातूत राहिलेला ताण. बेताची उष्णता देऊन तो ताण घालविला की पितळ टिकते.

तेव्हा अचूक नेमबाजीसाठी पितळ पारखताना चकाकीवर भुलू नये. मानेशी तडा नाही ना, जाडी सर्वत्र सारखी व वजने जुळती आहेत ना, हेच पाहावे. शंका वाटलेले कवच टाकून द्यावे. फुटल्यास इजा नेम धरणाऱ्यालाच व्हायची.