उपनिषदं जग हिंडली, देवगडकराला भेटली!

सगळ्या माणसांत आत्मा एकच, हे तत्त्वज्ञान तळकोकणात फणसाच्या गऱ्यांपासून सुरू होतं. बांद्याचे कुलकर्णी सोहिरोबा आंबिये सावंतवाडीला निघाले होते. इन्सुलीच्या रानात फणस फोडून बसले, तर समोर एक साधू उभा. म्हणाला, मलाही दे. सोहिरोबांनी गरे दिले आणि त्या साधूकडून, म्हणजे गहिनीनाथांकडून, त्यांना उपदेश मिळाला, अशी आख्यायिका आहे. सोहिरोबांचा जन्म 1714चा. पुढे कुलकर्णीपणाची वही मिटली आणि ‘अक्षयबोध’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अद्वयानंद’ असे ग्रंथ झाले. अमेरिकेत इमर्सनने याच विश्वात्म्यावरचा आपला गाजलेला निबंध छापला तो 1841 साली. सोहिरोबा उज्जैनला दिसेनासे झाले तेव्हा इमर्सनचा जन्मही झाला नव्हता!

पण खरी गंमत विंदा करंदीकरांची. देवगड तालुक्यात 1918 साली जन्मलेले. त्यांच्या ‘अष्टदर्शने’त आठ तत्त्ववेत्ते मराठी पद्यात बोलतात. सगळं विश्व एकाच तत्त्वाचं म्हणणारा स्पिनोझा तिथे आहे, आत्माच नाकारणारा आपला चार्वाकही आहे. विंदांनी त्यालाही मानाचं पान वाढलं, हे मला फार मोठं वाटतं. आणि आहे शोपेनहाउअर. त्याने उपनिषदं वाचली ती कशी, पाहा. दारा शुकोहने 1657 साली पंडितांच्या मदतीने संस्कृतातून फारसीत नेलेली, पुढे एका फ्रेंच पंडिताने फारसीतून लॅटिनमध्ये आणलेली. म्हणजे भाषांतराचं भाषांतर. तरी तो इतका भारावला की आपल्या पूडल कुत्र्याचं नाव त्याने ‘आत्मा’ ठेवलं. एक गेला की दुसरा आणायचा, नाव तेच! संस्कृत, फारसी, लॅटिन, जर्मन अशी पायपीट करून आलेला हा विचार 2003 साली विंदांनी मराठीत बसवला. त्याच वर्षाचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ आजच्या मराठीत आणणारे आणि गटेचं ‘फाउस्ट’ मराठीत उतरवणारेही तेच.

अशीच पायपीट एका नाटकाचीही. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोलीचे. त्यांचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे नाटक जर्मन नाटककार ब्रेख्तवरून घेतलेलं, ब्रेख्तने ते जुन्या चिनी नाटकावरून घेतलेलं. एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात, खरी आई कोणती? हाच पेच बायबलातल्या सॉलोमन राजापुढे आहे आणि आपल्या जातककथांतही आहे. आईची माया ओळखायला कुठल्याच देशात दुभाषा लागत नाही.

मंगेश पाडगावकरही वेंगुर्ल्याचेच. कबीर, मीरा, सूरदास आणि शेक्सपिअर, सगळ्यांना त्यांनी मराठीत आणलं. वसंत बापट, करंदीकर, पाडगावकर हे त्रिकूट गावोगाव कविता वाचत हिंडायचं. त्यातले दोघे या सिंधुदुर्ग जिल्ह्यातले!

‘ययाती’कार वि. स. खांडेकर इथे जन्मले नाहीत, पण 1920पासून शिरोड्याच्या शाळेत त्यांनी मुलं शिकवली. लेबनॉनच्या खलील जिब्रानला मराठी वाचकाच्या घरात आणणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं.

आणि ज्यांनी यातलं एकही पुस्तक उघडलं नाही त्यांचं काय? त्यांच्याकडे गाऱ्हाणं आहे. देवळात एक जण सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो. पोराबाळांचं, गुराढोरांचं, मुंबईत चाकरीला गेलेल्यांचं भलं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एकाचं मागणं सगळ्यांचं होतं, ते असं. माझ्या मते हे अस्सल साहित्य आहे, फक्त त्याला छापखाना लागला नाही.

पुढच्या वेळी हापूस आणायला देवगडला जाल, तेव्हा पिशवीत ‘अष्टदर्शने’ टाका. आणि जत्रेत गाऱ्हाणं सुरू झालं की मोबाइल खिशात ठेवून होकार द्यायला उभे राहा.