तार जिवंत हवी

ट्राम आणि ट्रॉलीबसची मॉडेलं करणाऱ्यांत दोन तट आहेत. एक तट रुळांतून वीज घेतो आणि वर तार ओढलीच तर शोभेपुरती ओढतो. दुसऱ्या तटाच्या गाड्या खऱ्या ट्रामसारखी वरच्या तारेतून वीज घेतात. मी तरुणपणापासून दुसऱ्या तटात आहे आणि हा आढावा तिथूनच घेतलेला आहे.

पहिल्या तटाचं म्हणणं मला पाठ आहे. रुळांतून वीज घेणं सोपं आणि खात्रीचं. वरचा दांडा तारेवरून घसरतो, वाकतो, आणि नेमकी प्रदर्शनात माणसं जमलेली असताना गाडी अडते. हे सगळं खरं आहे. पण ज्या गोष्टीने ट्रामचं रूप घडवलं तीच काढून टाकली, तर उरतो तो रस्त्यावर आणून ठेवलेला रेल्वेचा डबा. १८८८ साली अमेरिकेतल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेगने विजेची ट्राम यशस्वी करून दाखवली, ती डोक्यावरची तार आणि तिला खालून स्प्रिंगच्या जोराने टेकलेला दांडा यांच्या बळावर. त्याच्या सहा वर्षं आधी वेर्नर फॉन सीमेन्सने बर्लिनजवळ हालेन्झे इथे रुळांशिवाय चालणारी गाडी तारांखाली धाववली होती. विजेची ट्राम काय, ट्रॉलीबस काय, दोघी नावारूपाला आल्या त्या तारेखालीच. मॉडेल करणाऱ्याने ही तार खोटी करायची, तर मग खरं काय ठेवायचं?

खेळण्यांचा काळ भराभर ओलांडतो. जर्मन पत्र्याच्या चावीच्या ट्राम हा संग्राहकांचा प्रांत आहे. माझ्या पिढीच्या मुंबईकर मुलांना माहीत होत्या त्या लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स गाड्या. १९५६ मध्ये त्यांच्या जुन्या वाहनांच्या मालिकेत लंडनची ‘ई’ वर्गाची ट्राम आली आणि १९५८ मध्ये छोट्या गाड्यांत ५६ नंबरची लाल ट्रॉलीबस. टपावर दोन दांडे असलेली ही ट्रॉलीबस आज दांड्यांसकट शाबूत मिळणं कठीण. मुलांच्या हातात आधी दांडेच जायचे.

खरी गोष्ट सुरू होते ती जर्मनीत, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. आज आयहाइम हे नाव घरात माशांची टाकी ठेवणाऱ्यांना ठाऊक असतं, पाण्याच्या फिल्टरसाठी. त्याच गुंथर आयहाइम यांच्या कारखान्याने पन्नासच्या दशकात एचओ मापाची, म्हणजे साधारण १:८७ प्रमाणातली, ट्रॉलीबस काढली. मोकळ्या टेबलावर खांब रोवायचे, दोन तारा ओढायच्या, गाडी खाली ठेवायची, दांडे तारांना लावायचे आणि वीज सोडायची. खाली रूळ नाहीत, रस्त्यात खाच नाही. दांड्यांची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवलेली होती, त्यामुळे तार जिकडे वळेल तिकडे गाडी आपोआप वळायची. वीजही तारेची आणि सुकाणूही तारेचंच. साठच्या दशकात हा सगळा माल ब्रावा कंपनीकडे गेला आणि पुढे बरीच वर्षं ब्रावाच्या नावाने विकला गेला.

मॉडेलच्या जगात यापेक्षा देखण्या मोटारी आणि नाजूक इंजिनं पुष्कळ झाली. पण खऱ्या वाहनाचं तत्त्व इतक्या सरळपणे छोट्या आकारात उतरवलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आयहाइमच्या बसचे दांडे जाड होते, तारा बेढब होत्या, खांब अंमळ ठेंगणे होते. तरी ती ट्रॉलीबस होती. ब्रावानेही पुढे हा माल बंद केला. १९८९ मध्ये फालर कंपनीची कार सिस्टीम आली. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली पोलादी तार पुरायची, गाडीच्या पुढच्या आसाला लोहचुंबक लावायचं, पोटात बॅटरी ठेवायची. मालमोटारी आणि साध्या बसगाड्यांसाठी ही युक्ती उत्तम आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो याच युक्तीवर ट्रॉलीबस चालवून, वर प्लॅस्टिकचे दांडे हवेत उभे ठेवून, ‘आता तारेची कटकट गेली’ असं सांगणाऱ्यांशी. चुंबकाने वळवायचं असेल तर वळवा, पण वीज वरूनच घ्या. तेवढं केलंत तरी ती गाडी आमच्या तटात येते.

अमेरिकेतल्या ट्रामप्रेमींनी या छंदाला सर्वांत जास्त माल दिला. १९२९ मध्ये तिथल्या ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी समिती नेमली, तिने आखलेली पीसीसी गाडी १९३६ च्या ऑक्टोबरात ब्रुकलिनमध्ये धावू लागली, आणि बाउझर, बाखमान यांच्यासारख्यांनी तिची एचओ मॉडेलं बाजारात आणली. व्हिएन्नाची हालिंग कंपनी युरोपातल्या ट्रामगाड्या करते. इंग्लंडात पाऊण इंचाला एक फूट, म्हणजे १:१६ या भल्यामोठ्या प्रमाणात, साडेतीन इंची रुळांवर ट्राम बांधणाऱ्यांची जुनी परंपरा आहे. त्या कामाची तोड दुसरीकडे दिसत नाही. जपानच्या काटो आणि टोमिक्स यांनी एचओहून लहान अशा एन मापात रस्त्यासकट तयार रुळांचे तुकडे काढले. टोमिक्सचं सर्वांत लहान वळण १०३ मिलिमीटर त्रिज्येचं आहे, म्हणजे जेवणाच्या ताटापेक्षा लहान वर्तुळात ट्राम फिरते. हे सगळं कॅटलॉगमध्ये मिळतं, म्हणून इथे थांबतो.

आता तारेकडे. ज्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं त्यांनी ते मनापासून एकदा करून पाहावं. खरी तार साधारण बारा मिलिमीटर जाडीची असते. १:८७ मध्ये ती जेमतेम ०.१४ भरते. इतक्या बारीक तारेवर दांडा टिकत नाही, म्हणून आपण ०.३ ते ०.४ मिलिमीटरची फॉस्फर ब्राँझची तार घेतो. पलीकडच्या तटाला ही जाडी खुपते. माझं उत्तर ठरलेलं आहे: जाडी दुपटी-तिपटीने चुकली तरी चालेल, तारेचं काम चुकता कामा नये. ही तार परदेशातून मागवायची गरज नाही. सितारीच्या जोडाची तार याच जातीची आणि याच जाडीच्या आसपास असते. मिरजेच्या वाद्यांच्या दुकानांतून आणलेल्या तारांवर माझ्या कितीतरी गाड्या चालल्या. खांबांना पितळी नळी, आडव्या ताणाला पियानो वायर आणि डाग द्यायला पंचवीस वॉटचं सोल्डर आयर्न एवढं पुरतं. डागाचा एकही थेंब तारेच्या खालच्या अंगाला उतरू देऊ नये. उतरलाच तर बारीक कानशीने घासून तो भाग नखाला लागणार नाही इतका गुळगुळीत करावा.

वळणावरची तार रुळांच्या मध्यावर नसते, हे नवख्यांना सांगावं लागतं. दांडा गाडीच्या मागे ओढला जातो, म्हणून वळणावर त्याचं टोक आतल्या बाजूने जातं आणि तारही आतल्या बाजूला घ्यावी लागते. शिवाय तार गोल वाकवायची नसते. सरळ तुकड्यांनी, बाहेरच्या खांबांकडून थोडीथोडी खेचत, तिचं वळण घडवायचं असतं. सांध्यापाशी याहून मोठी परीक्षा असते. रूळ जिथे फुटतात त्याच्या नेमका वर तारेचा फ्रॉग, म्हणजे तार दोन वाटांना फोडणारा तुकडा, बसवला की दांडा हमखास सरळ वाटेला जातो आणि गाडी वळणाच्या. फ्रॉग थोडा पुढे हवा. दांड्याचं टोक तिथे पोहोचेपर्यंत गाडीचं अंग वळलेलं असतं, दांडा तिरका झालेला असतो आणि योग्य तार तो आपणच धरतो. वर कुठलाही हलता भाग लागत नाही. गाडीच सांधा बदलते.

ट्रॉलीबसच्या तारांचं काम याच्या दुप्पट नव्हे, चौपट आहे. ट्राम एका तारेतून वीज घेऊन रुळांवाटे परत करते. रबरी चाकांच्या बसला परतीची दुसरी तार लागते. दोन तारांमधलं अंतर साधारण दोन फूट, म्हणजे १:८७ मध्ये सात मिलिमीटर. रस्ता फुटतो तिथे एका फाट्याची उजवी तार दुसऱ्या फाट्याच्या डाव्या तारेला छेदते आणि त्या दोघींत विजेची बाजू उलट असते. तिथे प्लॅस्टिकचा तुकडा घालून वीज तोडावी लागते आणि तेवढी जागा गाडीला अंगच्या वेगाने ओलांडावी लागते. खऱ्या ट्रॉलीबसचा चालकही अशा जागी पाय सैल सोडून गाडी वाहू देत असे. मॉडेलमध्ये मोटरवर जड फ्लायव्हील बसवलं की तेच घडतं. असा एक फाटा मनासारखा जमला की पुढचे कित्येक दिवस दुसरं काही करावंसं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आजच्या डिजिटल मंडळींना कोणी सांगत नाही. चिप येण्याच्या कितीतरी आधी तारवाले एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने चालवत होते. एक गाडी दोन रुळांतून वीज घ्यायची, दुसरी तार आणि एक रूळ यांतून. नियंत्रक दोन, रस्ता एक. ही सोय तारेने फुकट दिली होती.

मी मुंबईचा, त्यामुळे माझं प्रेम शेवटी मुंबईच्या गाड्यांवर. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ ला, दुमजली १९२० मध्ये. १९४७ च्या ऑगस्टात कारभार महापालिकेकडे आला आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. या तारखा वाचकांना पाठ असतील. ज्याबद्दल कोणी लिहीत नाही ती मुंबईची ट्रॉलीबस. लंडनने आपली शेवटची ट्रॉलीबस ८ मे १९६२ ला बंद केली आणि जेमतेम महिन्याने, ११ जून १९६२ ला, बेस्टने गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ती सुरू केली. गाड्या बारा. २४ मार्च १९७१ ला सेवा संपली. मी तेव्हा गिरगावात राहायचो आणि मुद्दाम गोवालिया टँकला जाऊन ती पाहायचो. पेट्रोल नाही, धूर नाही, इंजिनाची घरघर नाही. गाडी निघाली हे आधी वरच्या तारांच्या सळसळीवरून कळायचं. ट्रामच्या खडखडाटाच्या आठवणी सांगणारे घरोघरी भेटतात. या सळसळीची आठवण सांगणारा क्वचित भेटतो.

मुंबईची ट्राम मॉडेलसाठी घ्यावी याचं एक पक्कं तांत्रिक कारणही आहे. आपल्या रेल्वेचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, एचओमध्ये तो सव्वाएकोणीसच्या जवळ जातो आणि तयार रूळ मिळतात ते साडेसोळाचे. भारतीय रेल्वेची मॉडेलं करणारे एकतर ही तफावत डोळ्यांआड करतात किंवा रूळ हाताने बांधतात. मुंबईची ट्राम मात्र स्टँडर्ड गेजवर, म्हणजे १४३५ मिलिमीटरवर चालायची, कोलकात्याचीही तशीच. १४३५ ला ८७ ने भागलं की बरोबर साडेसोळा येतात. बाजारातला रूळ आणा, प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवा, वर फरसबंदी कोरा, माप तंतोतंत. पंधरा मीटर त्रिज्येचं खरं वळण सतरा सेंटिमीटरमध्ये बसतं. चाळीतल्या खोलीत रेल्वेचं जंक्शन मावणार नाही, पण ट्रामचा अख्खा नाका खिडकीच्या कठड्यावर मावतो. पुण्यात भाऊ जोशी यांनी एचओ मापात उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोक पाहत आले आहेत, आणि आपल्याकडे या कामाला डोळे आणि हात दोन्ही आहेत हे त्याने सिद्ध केलं. त्या तोडीचा मुंबईचा ट्रामरस्ता अजून माझ्या पाहण्यात नाही.

आणि तो होईल का, याची आता काळजी वाटते. गेल्या काही वर्षांत प्रदर्शनांत पाहतो ती ट्राम त्रिमितीय छपाईवर निघालेली असते. रंग निर्दोष, पाट्या वाचता येतात, कंडक्टरच्या खांद्यावरची पिशवीसुद्धा दिसते. खांबही असतात. तार नसते. विचारलं तर उत्तर येतं, ‘फोटोत दिसत नाही ना.’ गाडी काचेच्या कपाटात राहते, हलत नाही, आणि पुढच्या वर्षी तिच्या शेजारी आणखी एक येऊन बसते. छपाईयंत्राशी माझं वैर नाही. वळणावरचे खांब आणि फ्रॉगचे साचे त्यावर फार सुरेख निघतात, मीही काढून घेतले आहेत. पण यंत्र तार ताणून देत नाही. ती माणसालाच ताणावी लागते आणि ती शिकवणारी माणसं आता कमी उरली आहेत. माझ्या ओळखीच्या ज्या दोघांकडून मी फाट्याचं काम शिकलो ते दोघेही गेले, आणि त्यांचे नमुने घरच्यांनी भंगारात काढले.

कोलकात्यातली ट्रामही आता जवळजवळ गेल्यातच जमा आहे, म्हणजे खरी तार पाहायला इथल्या तरुणाला परदेश गाठावा लागणार. तोवर निदान मुंबईचं कागदावर यावं, ही माझी खटपट आहे. गोवालिया टँकच्या ट्रॉलीबसचे फोटो लोकांकडे आहेत, पण ते बहुतेक समोरून घेतलेले, बस आणि माणसं दाखवणारे. मला हवे आहेत ते वरच्या बाजूचे: खांबाचं टोक, ब्रॅकेट, फाट्यावरच्या तारा, शेवटच्या थांब्यावरचा फेरा. बेस्टच्या तारखात्यात ज्यांचे वडील किंवा आजोबा नोकरीला होते त्यांच्या घरी जुनी वही, मोजमापांचा कागद, लग्नाच्या वरातीच्या फोटोत मागे चुकून आलेली तार, काहीही असेल तर अंकाच्या पत्त्यावर त्याची नक्कल पाठवावी. मूळ कागद मागत नाही. खांबांमधलं अंतर आणि तारेची उंची एवढं कळलं, तरी येत्या पावसाळ्यात माझगावच्या टोकापासून तारा ओढायला घेता येतील.