पोफळीच्या सावलीतली खोली

आगरदांड्याच्या जेटीवर गाडी फेरीबोटीत चढवली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. राजपुरीची खाडी ओलांडली की दिघी, तिथून बोर्ली पंचतनवरून दिवेआगर. मुरूडहून रस्त्याने यायचं तर खाडीला मोठा वळसा पडतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघंच निघालो होतो. नवऱ्याची एकच इच्छा होती, कुठल्या तरी बेटावर दोघांपुरतं घर मिळावं.

रायगडच्या किनाऱ्याला बेटं आहेत, पण खांदेरी, उंदेरी, पद्मदुर्ग, जंजिरा ही सगळी किल्ल्यांची. घारापुरी याच जिल्ह्यातलं. तिथे गाव आहे, 2018 साली समुद्राखालून केबल टाकून वीजही पोचली, पण पर्यटकांना शेवटच्या लाँचने परतावं लागतं. मुक्कामाचं बेट काही मिळेना, तेव्हा ओळखीतून दिवेआगरच्या एका वाडीतली खोली ठरवली.

रस्त्याला लागून जांभ्याचा गडगा, आत घर, घरामागे वाडी आणि वाडीच्या पार टोकाला ती खोली. मंगलोरी कौलं, एक पलंग, समोर हातभर पडवी आणि तिथे झोपाळा. पलीकडे केवडा, मग सुरूचं बन आणि त्यामागे समुद्र. समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. घरातल्या माणसांचा आवाज तिथवर पोचत नाही. सगळीकडून पोफळी आणि माड. नवरा झोपाळ्यावर बसला आणि म्हणाला, ‘‘हेच ते.’’

पहिल्या सकाळी सहाला मला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. बाहेर आले तर वाडीचे मालक काका फावडं घेऊन पाटात उभे. ‘‘ताई, चपला काढून या. पाणी सोडलंय.’’ विहिरीवर पूर्वी रहाट होता, आता पंप आहे. पण पंपानंतरचं काम अजून हातानेच चालतं. मोठ्या पाटातून पाणी लहान पाटात येतं, तिथून एकेका झाडाच्या आळ्यात. आळं भरलं की काका केळीच्या सोपटाचा तुकडा आडवा लावतात, त्यावर ओल्या मातीचं एक ढेकूळ पायाने दाबतात, आणि पाणी आपसूक पुढच्या आळ्याकडे वळतं. घाई केली तर बांध फुटतो, उशीर केला तर आळं भरून वाहतं. दीड तास मी त्यांच्या मागे फिरले. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. पाण्याचा आवाज बदलला की ते वळत.

दुपारी त्या पाण्याचं मोल कळलं. फेब्रुवारीतलं कोकणातलं ऊन, रस्त्यावर डोळे दिपत होते आणि खोलीत पंखा मंद ठेवूनही पायावर पांघरूण घ्यावंसं वाटत होतं. वर माडांच्या झावळ्या, त्याखाली पोफळी, त्याखाली केळी, जायफळ, मिरीचे वेल, आणि तळाशी सकाळी भिजलेली माती. ऊन जमिनीपर्यंत येतं ते गाळून. याच किनाऱ्यावर दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही काही वर्षांपूर्वी राहिलो होतो. तिथे झाडं काढून फरशी घातली होती. खोलीत एसी होता, तरी दार उघडलं की भाजून निघायचो. ‘निवांत’ असं तिथेही पाटीवर लिहिलं होतं.

वाडीत मधेच एक मोठी उघडी जागा पडली आहे. 3 जून 2020ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आलं. पोफळीचं खोड सडसडीत. वाऱ्याने ते मधोमध मोडतं, माड मात्र मुळासकट आडवा होतो. काकांची निम्म्याहून जास्त बाग त्या एका दुपारी गेली. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, म्हणजे पंपही नव्हता. पडलेली खोडं कापून बाहेर काढायलाच एक हंगाम गेला. मग श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रातून ‘श्रीवर्धनी’ची रोपं आणली. कोवळ्या पोफळीला थेट ऊन सोसत नाही, विशेषतः पश्चिमेचं. खोड करपतं, पुढे तिथेच मोडतं. म्हणून आधी केळी लावल्या आणि केळीच्या आडोशाला पोफळी. सावलीसाठी लावलेल्या झाडाला आधी सावली द्यायची. यंदा त्यातल्या काहींना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे. काका प्रत्येक आलेल्या माणसाला ती बोट करून दाखवतात. आम्हाला दोनदा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सुपारी काढायला गडी आला. पायात दोरीचं कडं अडकवून तो भराभरा शेंड्याला पोचला, पिकून नारिंगी झालेला घड कोयत्याने तोडला आणि दोरीवरून खाली सोडला. मग शेंड्यावरूनच अंग झोकून झाड वाकवलं, शेजारची पोफळ हाताने धरली आणि तिच्यावर गेला. जुन्या भागात सात झाडं त्याने जमिनीला पाय न लावता केली. उघड्या जागेपाशी आला आणि त्याला उतरावं लागलं. तिथे शेजारचं झाडच नव्हतं. पलीकडे जाऊन पुन्हा बुंध्यापासून चढला. वादळाचं नुकसान किती झालं हे मला त्या वेळी जसं समजलं तसं आधी कुणी सांगूनही समजलं नव्हतं. त्याची मजुरी झाडागणिक; चढउतार वाढली की तेवढ्याच दिवसात झाडं कमी होतात.

काढलेली सुपारी अंगणात चाळीस-पंचेचाळीस दिवस वाळते. रोज सकाळी पसरायची, उलटायची आणि दव पडायच्या आत झाकायची. हे काम काकूंचं. त्याच काकू पहाटे बंबात सोडणं आणि करवंट्या घालून आमचं पाणी तापवत, चादरी बदलत आणि स्वयंपाक करत. आदल्या रात्री सांगितलं होतं म्हणून तिसऱ्या दिवशी उकडीचे मोदक झाले. मी शेजारी पाट घेऊन बसले. उकड गरम असतानाच मळायची असते. काकू तळहात गार पाण्यात बुडवून, चटका सोसत, ती लोण्यासारखी करत होत्या. पारी कडेला पातळ, तळाला जाड. ‘‘तळ पातळ झाला की गूळ बाहेर येतो हो.’’ कळ्या घेताना त्यांचा मोदक बोटांवर फिरत होता, माझा फिरता फिरता फाटला. हळदीची पानं या दिवसांत नसतात म्हणून चाळणीत केळीचं पान. खोबरं त्यांच्याच माडाचं. आदल्या दिवशी त्यांनी पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, स्वच्छ धुऊन ठेवली होती, तिच्यावर वाढले.

‘‘पूर्वी वाडी घर चालवायची,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता ही खोली वाडी चालवते.’’ नवी रोपं, गड्यांची मजुरी, पंपाचं बिल हे सगळं पाहुण्यांच्या पैशातून भागतं. दुसरी खोली बांधा असं बरेच जण सुचवतात. ती बांधायची तर झाडं तोडावी लागतील, म्हणून त्यांनी बांधली नाही.

गावाच्या नावातच आगर आहे. शके 982चा, म्हणजे इ.स. 1060चा ताम्रपट इथला, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. इतक्या जुन्या गावात माणसं पिढ्यान्‌पिढ्या वाळूला खेटून झाडं जगवत आली आहेत, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

रात्री पडवीत एकच मिणमिणता दिवा, तोही घराच्या बाजूला तोंड करून. मला वाटलं, आम्हा दोघांसाठी केलं असेल. काका म्हणाले, किनाऱ्यावर या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री बाहेर पडली की उजेडाकडे चालतात. समुद्राऐवजी आपल्या दिव्याकडे आली तर मरतात. म्हणून गेली काही वर्षं समुद्राच्या अंगाला दिवा नाही. त्या अंधारात आम्ही दोघं बराच वेळ काही न बोलता बसलो. पंचवीस वर्षांत असा वेळ फारसा मिळाला नव्हता.

तुम्हालाही दोघांनी जायचं असेल तर खोली ठरवताना एसी आहे का, याच्या आधी वाडी आहे का ते विचारा, आणि झाडं राखणाऱ्या घरातच उतरा. गाडी वाळूवर नेऊ नका. मोदक हवे असतील तर आदल्या रात्री सांगा. आणि एक दिवस तरी सकाळी सहाला उठून, चपला काढून, पाटात जाऊन उभे राहा.