मोठ्या शिंगांचा नर आणि कळपाचा हिशेब

उचगावात बसून शिकारीवर बोलायचं म्हणजे काहींना वाटेल, इथं हमरस्ता, कारखाने आणि ऊस, जंगल कुठाय? पण डिसेंबर २०२१ मध्ये गवे थेट कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले होते आणि शहराजवळच्या एका गावात गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. अशी घटना घडली की एक प्रश्न हमखास निघतो: अमेरिकेत पैसे घेऊन शिकार करू देतात, मग आपल्याकडे का नको? जनावरं कमी होतील, वर पैसेही येतील. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आज तो आपण नीट उलगडून बघू.

आधी आपल्या जिल्ह्याचा इतिहास. दाजीपूरचं जंगल हे कोल्हापूर संस्थानचं राखीव शिकारीचं रान होतं. राजाच्या शिकारीसाठी रान राखलं, म्हणून झाडी टिकली आणि तिच्या आसऱ्यानं गवेही टिकले. ऐकायला विचित्र वाटतं, पण बऱ्याच संस्थानांत असंच घडलं. पुढं १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९५८ मध्ये दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन आजचं साडेतीनशे चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. तेव्हा शिकारी आणि संवर्धन यांचं कायमच वैर असतं, असं आम्ही म्हणणार नाही.

आता अमेरिकेकडं बघू. तिथं एल्क नावाचं मोठं हरीण आहे. आपल्या सांबराचं थंड मुलखातलं भावंडच म्हणा. तिथली राज्यं दरवर्षी कळपांची पाहणी करतात: शंभर माद्यांमागं नर किती, पाडसं किती. त्यावरून शिकारीचे परवाने ठरतात, आणि नरांचे वेगळे, माद्यांचे वेगळे. चांगल्या भागातले नराचे परवाने सोडत काढून देतात. काही जण त्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. का? नराची शिंगं भरायला वर्षं लागतात. यंदा परवाने भरपूर वाटले तर पुढं मोठा नर दिसायचाच नाही. शिकाऱ्याची हौस आणि कळपाचं भवितव्य यांचा मेळ घालायचा तो इथं.

हा मेळ चुकला तर काय होतं? कॅनडातल्या अल्बर्टात राम माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथल्या रानमेंढ्यांची शास्त्रज्ञांनी तीसेक वर्षं नोंद ठेवली. नियम असा, की शिंगं ठरावीक वळणाची झाली तरच नर मारायचा. म्हणजे ज्याची शिंगं लवकर वाढली, तो पुरेशी पिल्लं होण्याआधीच गेला. लहान शिंगांचा मागं राहिला. पुढच्या पिढ्यांत शिंगंही घटली आणि नरांचं वजनही घटलं, असं त्यांनी २००३ मध्ये मांडलं. आपला शेतकरी बियाण्याला उत्तम कणसं राखतो. इथं नेमकं उलटं झालं.

उलट उदाहरणही आहे. पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या मोजक्याच शिकारींना परवानगी मिळते आणि शुल्कातला ८० टक्के वाटा स्थानिक गावांना जातो. गावालाच राखणीत फायदा दिसला, म्हणून चोरटी शिकार आटली. पण ध्यानात घ्या, तिथला हेतू कळप वाढवण्याचा होता. आपल्याकडची मागणी कळप कमी करण्याची आहे. औषध एकच, पण दुखणी दोन.

आता गव्याचा हिशेब मांडू. गव्याची मादी साधारण नऊ महिन्यांनी, एका वेळी एकच वासरू देते. कळप चालतो तो जाणत्या मादीच्या मागं. थोराड नर बराच काळ एकटाच हिंडतो. उसात शिरलेला, डोळ्यांत भरणारा बहुतेक वेळा तोच. त्याला मारला तर कळपाची वाढ थांबत नाही, कारण दुसरा नर त्याची जागा घेतो. संख्या ठरते ती माद्यांवर. म्हणजे बघा, ज्याच्या शिंगांसाठी कुणी लाखो मोजेल त्याला मारून शेतकऱ्याचा ऊस वाचत नाही. आणि जिच्यावर संख्या अवलंबून आहे, तिच्यासाठी कुणी हौशी शिकारी पैसे मोजणार नाही.

मग माद्याच माराव्यात का? इथं जपून. १९६८ मध्ये मुदुमलाईत गुरांच्या बुळकांडीनं गव्यांचे कळपच्या कळप आडवे केले. बांधवगडात गवा नव्वदच्या दशकात पार संपला. २०११-१२ मध्ये कान्हातून ५० गवे नेऊन तिथं नव्यानं वसवावे लागले. कळप खाली यायला वेळ लागत नाही, वर यायला पिढ्या जातात.

कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीनं ते बंद झाले. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. ती हौसेची शिकार नव्हे.

पण म्हणून रात्रीच्या पाळीला पाणी पाजायला जाणाऱ्या शेतकऱ्याला ‘सहन कर’ म्हणायचं का? मुळीच नाही. जंगलातली रानमोडी काढून गवताची कुरणं राखणं, उन्हाळ्यात पाणवठे भरलेले ठेवणं, जंगलालगतच्या गुरांना लसी टोचणं, पिकाचा पंचनामा झटपट होऊन भरपाई वेळेत मिळणं आणि शेतीला दिवसा वीज मिळणं, ही कामं आहेत. यांतलं कुठलंही भिंतीवर मिरवता येत नाही. पण पुढच्या ग्रामसभेत गव्यांचा विषय निघाला, तर बंदुकीच्या परवान्याआधी या पाच गोष्टींचा हिशेब मागा, एवढंच आमचं सांगणं.