नागपूर ते मुंबई : आठ तास नेमके कुठून कुठपर्यंत?

मैत्रिणींनो, मुंबईच्या सरस प्रदर्शनाची गोष्ट निघाली की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता काय, समृद्धीनं आठ तासांत मुंबई!" आणि दुसरी ताई म्हणते, "विमानानं तर दीडच तास." दोघींचंही खरं आहे, पण त्या भरवशावर स्टॉल लावायची वेळ ठरवू नका.

आधी अंतर बघू. नागपूर-मुंबई हवाई अंतर, म्हणजे नकाशावर दोरी ताणून मोजलेलं, सुमारे ६८५ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. फरक फारसा नाही, कारण हा रस्ता गावं टाळत बराचसा सरळ काढलाय. जुन्या रस्त्यानं हेच अंतर आठशेच्या वर जायचं. शेवटचा इगतपुरी ते आमणे तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि रस्ता पूर्ण झाला.

पण आमणे म्हणजे मुंबई नव्हे, ते भिवंडी तालुक्यात आहे. तिथून वांद्र्याला पोचायला गर्दीच्या वेळी दीड-दोन तास धरा. इकडचं टोक शिवमडक्याला, नागपूरच्या बाहेर. मधलं अंतर आठ तासांत कापायचं तर चांगली कार हवी आणि थांबे कमी हवेत. आपला माल टेम्पोत असतो. मालगाडीला तिथं वेगाची मर्यादा ८० ची, म्हणजे चहाला न थांबताही नऊ तास झालेच.

समजा तुम्ही उमरेडकडच्या आहात. घरातून महामार्गापर्यंत दीड तास, पुढे नऊ, जेवण-विश्रांती एक, आमण्यापासून दोन. झाले साडेतेरा.

आता विमान. विमानतळापर्यंत दीड तास, दोन तास आधी हजर (सामान घेणारी खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, मग विनवण्या करून उपयोग नाही), हवेत दीड, सामान मिळायला अर्धा, पुढे तासभर. साडेसहा तास. निम्मा वेळ वाचला! पण सामान साधारण १५ किलो आणि हातात ७ किलो. पापड-लोणच्याची चार खोकी कुठं बसवणार? मिरचीपूड तर हातातल्या बॅगेत चालतच नाही. रेल्वेला रात्र जाते, पण स्लीपरच्या तिकिटावर ४० किलोपर्यंत सामान नेता येतं.

मेहकर, सिंदखेडराजाकडच्या तायांनी नागपूरच्या विमानाचा विचारच करू नये. उलट्या दिशेला जाऊन परत यायचं कशाला? तुमच्याजवळूनच समृद्धीवर चढता येतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. पैसे वाचवायला एकाच ड्रायव्हरवर रात्रभर गाडी काढू नका. सरळ, रिकाम्या रस्त्यावर डोळा लागतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि वीसहून जास्त माणसं गेली. दोन ड्रायव्हर घ्या, नाहीतर पहाटे निघा. दर दोन तासांनी गाडी थांबवायला सांगा, तो कंटाळला तरी.

एसटीत राज्यात आपल्याला अर्धं तिकीट आहे. त्यामुळे माल टेम्पोनं एक दिवस आधी पाठवून दोघी-तिघींनी एसटीनं जाणं बहुतेक गटांना परवडेल. टोलच्या पावत्या मात्र टेम्पोवाल्याकडून त्याच दिवशी मागून घ्या, ग्रामसंघाच्या हिशोबाला लागतात.